चौथा वाचक

"मॅडम, मी गोष्ट चुकीची वाचली काय?"

तास संपला होता. वर्ग अर्धाअधिक रिकामा झाला होता, ऑक्टोबरचं ऊन खिडकीतून थेट टेबलावर येत होतं. हजेरीपट आवरता आवरता मी वर पाहिलं. साकोलीकडचा मुलगा. खिडकीशेजारच्या बाकावर बसणारा, हजेरीच्या वेळी सोडला तर ज्याचा आवाज वर्गात क्वचितच ऐकू येतो असा. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. काचेला कोपऱ्यात तडा गेलेला, आणि त्या तड्याखाली आकडा : २० पैकी ८. वर्गातल्या एका मुलीची कथा वाचून त्याने अभिप्राय लिहिला होता. त्या वाचनाचे हे गुण. त्याच्या आवाजात तक्रार असती तर मला सोपं गेलं असतं, गुणांच्या तक्रारींची आम्हा शिक्षकांना सवय असते. त्याला मात्र खरंच जाणून घ्यायचं होतं. वाचताना आपल्याला जे दिसलं ते तिथे नव्हतंच की काय, ही शंका त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती. "नाही रे, चुकीची नाही वाचली," मी म्हणाले. तो "बरं" म्हणून गेला. पण छापील दिसणाऱ्या आकड्यापुढे माझं तोंडी 'नाही' किती तोकडं पडलं, हे मला अमरावती रोडच्या गर्दीतून घरी पोचेपर्यंत आणि नंतरही बरेच दिवस जाणवत राहिलं.

तो आकडा आला कुठून, ते सांगायला हवं. एम.ए.च्या सर्जनशील लेखनाच्या पेपरसाठी आम्ही मूडल ही ऑनलाइन वर्गाची प्रणाली वापरतो. त्यात 'वर्कशॉप' नावाची एक सोय आहे. प्रत्येकाने आपली कथा किंवा कविता चढवायची. मग प्रत्येकाला वर्गातल्या चौघांचं लेखन वाचायला येतं, नाव न दिसता. वाचायचं, ठरलेल्या निकषांवर गुण द्यायचे, खाली अभिप्राय लिहायचा. या सोयीत गुण दोन प्रकारचे असतात. मूळ मांडणीत ८० लेखनाला आणि २० वाचनाला. वाचनालाही गुण आहेत हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. आपल्याकडे मराठीच्या वर्गात लिहिणाऱ्याचं कौतुक होतं, बोलणाऱ्याचं होतं; शांतपणे नीट वाचणाऱ्याला कुणी कधी काही दिलंय? पण ते २० कसे ठरतात ते बघा. एका कथेला चौघांनी जे गुण दिले त्यांची सरासरी काढली जाते, त्या सरासरीच्या सगळ्यात जवळ ज्याचे गुण, त्याचं मूल्यमापन सर्वोत्तम धरलं जातं, आणि बाकीचे त्याच्यापासून जितके लांब तितके त्यांचे गुण कमी. हा फरक किती कडकपणे मोजायचा ते शिक्षकाला ठरवता येतं, पण मोजण्याची दिशा तीच राहते. जिथे एक बरोबर उत्तर असतं तिथे हे चालेल. प्रयोगशाळेच्या वहीला तिघांनी सात दिले आणि चौथ्याने दोन, तर चौथ्याने कंटाळून दिले असण्याचाच संभव जास्त. कथेचं तसं नसतं.

ती कथा काटोलकडच्या मुलीची होती. बाप आणि संत्र्याची बाग. बागेला डिंक्या हा खोडाचा रोग लागलेला आहे, आणि कथेची मधली जवळजवळ दोन पानं बाप फक्त खोडं खरवडतो आणि बोर्डो पेस्ट लावतो. मोरचूद भिजत घालणं, चुना विरवणं, दोन्ही एकत्र ओतताना येणारा तो आकाशी निळा रंग, तो रंग नखांच्या कडेला दिवसेंदिवस टिकून राहणं. कुणी काही बोलत नाही. शेवटच्या परिच्छेदात झाडं तोडलेली आहेत आणि अंगणात सरपण रचलेलं आहे. का तोडली, कधी ठरलं, आई काय म्हणाली, काहीही नाही. तिघा वाचकांनी जवळपास एकच लिहिलं : मधला भाग लांबला आहे, कथा पुढे सरकत नाही, शेवट अचानक येतो. गुण साधारण. मी हे अभिप्राय पुन्हा वाचले तेव्हा त्यांच्यावर रागावण्यासारखं काही सापडलं नाही. प्रामाणिक होते. आपल्या शालेय पुस्तकांनी कथेला जो आरंभ-मध्य-शेवट शिकवला, त्याच मापाने त्यांनी मापलं होतं.

चौथ्याने मात्र जवळपास पूर्ण गुण दिले होते आणि लिहिलं होतं : "बाप प्रत्येक झाडाला पेस्ट लावतो, पण सातव्या झाडापाशी तो खाली बसतो आणि ब्रश बादलीत तसाच ठेवतो. तिथे मला समजलं की झाडं जाणार आहेत. त्याला पण तिथेच समजलं असेल. आमच्याकडे धानाला तुडतुडा लागला की माझे बाबा बांधीच्या धुऱ्यावर असेच बसतात. म्हणून शेवट मला अचानक वाटला नाही."

हे मी तीनदा वाचलं. खरं सांगते, ते सातवं झाड माझ्याही नजरेतून निसटलं होतं.

माझं स्वतःचं लिहिणं-वाचणं याच गावात, नागपुरात घडलं. त्या काळी आमचं लेखन एकमेकांनी वाचायचं म्हणजे कुणाच्या तरी धरमपेठेतल्या गच्चीवर जमायचं. उन्हाळ्यात सूर्य गेल्यावरही गच्चीची फरशी तळव्यांना चटके द्यायची, म्हणून आधी तिच्यावर पाणी मारायचं, मग सतरंजी. ओल्या सिमेंटचा वास, खाली कुणाच्या तरी कूलरची घरघर, आणि वहीतून कविता वाचणारा एखादा मित्र. त्या बैठकांनी मला खूप दिलं आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात कायम प्रेम राहील. कविता वाचून झाल्यावर दोन क्षण कुणी बोलत नसे, त्या दोन क्षणांत कळून जायचं की ती पोचली की नाही. पण त्या गच्चीवर बोलायचं कोण, तर तेच ते चार जण. ज्यांचा आवाज मोठा, ज्यांनी इंग्रजी समीक्षा वाचलेली, जे वयाने वर्ष-दोन वर्षांनी पुढे. एकाने 'भाबडी आहे' म्हटलं की ती कविता त्या संध्याकाळपुरती भाबडीच ठरायची. आम्ही दोघी-तिघी मुली ऐकत असू. सातनंतर घरी जायचंच असे, म्हणून सगळ्यात चांगली चर्चा व्हायची त्या वेळी आम्ही सायकलींवर असू. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाच्या कार्यक्रमांनाही मागच्या खुर्च्या आमच्या. १९२३ साली स्थापन झालेला हा संघ आणि त्याच वर्षी सुरू झालेलं नागपूर विद्यापीठ, या दोघांच्या छायेत इथल्या किती पिढ्या लिहित्या झाल्या. त्यात मान डोलावून ऐकणारे किती आणि आपलं वेगळं मत पोटात घेऊन घरी गेलेले किती, याचा हिशेब कुठेच नाही.

म्हणून ऑनलाइन अभिप्रायांवर सरसकट टीका झाली की मला ती पटत नाही. स्टाफरूममध्ये ज्येष्ठ सहकारी म्हणतात, समोर बसून डोळ्यांत बघून बोला, ही कसली चोरून चिठ्ठ्या टाकायची पद्धत. त्यांचं म्हणणं समजतं. पण साकोलीच्या मुलाने हे धुऱ्यावर बसलेल्या बापाचं वाक्य भर वर्गात उभं राहून म्हटलं असतं? नसतं. त्याने ते गणेशपेठच्या स्टँडवर एसटीची वाट बघत मोबाइलवर अंगठ्याने टाइप केलं, हे मला नंतर बोलता बोलता कळलं. त्याला वेळ मिळाला, नाव झाकलं गेलं, समोर कुणाचा चेहरा नव्हता. आमच्या गच्चीवर त्याच्यासाठी जागाच नव्हती.

नागपूरला शिकवणाऱ्या माणसाला इथे इस्लाह आठवल्याशिवाय राहत नाही. गझलेत उस्ताद शिष्याचा शेर दुरुस्त करून देतो, ती रीत. सुरेश भटांनी नव्याने गझल लिहिणाऱ्यांना वृत्त, काफिया, रदीफ समजावा म्हणून 'गझलेची बाराखडी' लिहिली, कितीतरी नवोदितांना घडवलं. रेशीमबागेत त्यांच्या नावाचं सभागृह आहे, तिथे मुलांना कार्यक्रमाला नेते तेव्हा मी हे त्यांना आवर्जून सांगते. इस्लाहमध्ये एक जाणता असतो आणि त्याच्या शब्दावर विश्वास असतो. मात्रा चुकली तर चुकली. तिथे दुसरं मत नसतं. वर्गमित्राच्या अभिप्रायात हा अधिकार नाही. ज्याने सुचवलं त्यालाही माझ्याइतकंच येतं, मग मी का ऐकू, हा प्रश्न मुलं विचारतात आणि तो रास्त आहे. मी त्यांना म्हणते, तो तुला दुरुस्त करायला बसलेला नाही. तुझी कथा एका माणसाच्या डोक्यात गेल्यावर तिचं काय झालं, एवढंच तो सांगू शकतो. ते उस्तादालाही सांगता येत नाही, कारण उस्ताद आता साधा वाचक राहिलेला नसतो.

आणि यातला जास्त फायदा सांगणाऱ्याचा होतो. अमेरिकेत क्रिस्टी लंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणारे ९१ विद्यार्थी, नऊ वर्ग. काहींनी दुसऱ्यांचं लेखन फक्त तपासलं, त्यांना स्वतःला अभिप्राय मिळाला नाही. उरलेल्यांना आलेल्या अभिप्रायांचा वापर करायला शिकवलं, पण त्यांनी दुसऱ्याचं काही तपासलं नाही. सत्राच्या शेवटी तपासणाऱ्यांचं स्वतःचं लेखन जास्त सुधारलेलं दिसलं, विशेषतः ज्यांची सुरुवात कच्ची होती त्यांचं. ते निबंध होते, कथा नव्हत्या, हे मी विसरत नाही. तरी माझ्या वर्गात जे बघते त्याच्याशी ते जुळतं. दुसऱ्याच्या कथेत 'इथे मला कंटाळा आला' असं लिहिताना हात थांबतो, आणि मग मुलगा आपली कथा उघडून बघतो. हे घडताना मी पाहिलं आहे. आता विचार करा, अशा कामाला सरासरीवरून गुण देऊन आपण मुलांना काय शिकवतो आहोत? इतरांच्या जवळ राहा. वेगळं दिसलं तर गुण जातील. पुढच्या फेरीत त्या मुलाने सगळ्यांना मधले गुण दिले तर मी कुणाला दोष देऊ?

दुसरी गोष्ट भाषेची. गडचिरोलीकडच्या एका मुलीने संवाद पूर्ण झाडीबोलीत लिहिले. तिला आलेल्या अभिप्रायांपैकी दोनांत 'शुद्धलेखन तपासा' होतं, एकात 'प्रमाण भाषेत लिहिल्यास अधिक वाचकांपर्यंत पोचेल' असा सल्ला. नाव नसल्यामुळे हे अधिक बोचलं. वर्गातल्या ज्यांच्यासोबत रोज डबा खातो त्यांच्यातल्याच कुणीतरी हे लिहिलंय आणि कुणी ते माहीत नाही, ही भावना तिला आठवडाभर पुरली. चार दिवस ती डबा घेऊन एकटी बसली. झाडीपट्टीची नाटकं रात्र-रात्र जागून बघणारी माणसं आहेत, त्यांच्यापर्यंत पोचायला तिला कुठल्या परवानगीची गरज आहे? हे मी वर्गात मोठ्याने बोलले, आणि जरा जास्तच तावातावाने बोलले असेन, पण त्यातला शब्दन् शब्द माझा होता. तेव्हापासून आमच्याकडे पहिल्या फेरीत नाव झाकलेलं असतं आणि दुसऱ्या फेरीआधी उघडतं. आपण लिहिलेलं वाक्य आपल्याच नावाने समोरच्यापुढे जाणार आहे, हे माहीत असलं की हात जपून चालतो. भिडस्त मुलाला पहिला मोकळेपणाही मिळतो. हा मार्ग पूर्ण समाधानकारक आहे असं मी म्हणणार नाही. काही जण नाव उघडणार म्हणून पुन्हा 'छान, आवडली, पुढील लेखनास शुभेच्छा' वर येतात.

अलीकडे तर तेवढंही स्वतः लिहावं लागत नाही. कथेचा मजकूर चॅटजीपीटीत टाकला की गुळगुळीत अभिप्राय तयार : 'कथेतील भावविश्व प्रभावीपणे उभे राहिले आहे, तथापि पात्रांचा अंतर्गत संघर्ष अधिक सखोल करता आला असता.' व्याकरण निर्दोष, सूर सौम्य, आणि गंमत नाही तर दुःख असं की असे अभिप्राय सरासरीच्या अगदी जवळ जातात. मशीनच्या हिशेबात ते चांगले वाचक ठरतात. काटोलच्या मुलीला पुढच्या फेरीत असा एक अभिप्राय आला तेव्हा ती मला म्हणाली, "मॅडम, याच्यात माझ्या कथेतलं एकबी झाड नाही." मी त्या वाक्यावर फार विचार केला. तिला कौतुक नको होतं, सुधारणाही नको होत्या. तिच्या बागेतून कुणीतरी चालून गेल्याची एखादी खूण तिला हवी होती. लिहिणाऱ्या कुणालाही हीच हवी असते, आणि ती न मिळाल्यामुळे लिहिणं सोडलेले मित्र मला याच शहरात भेटतात. एक बँकेत आहे, एकीचं कापडाचं दुकान आहे इतवारीत. भेटले की जुन्या गच्चीबद्दल बोलतात, स्वतःच्या कवितांबद्दल नाही.

मग मी निकषांचा तक्ताच बदलला. आधी 'कथानक, पात्रचित्रण, भाषा, शेवट' असे रकाने होते, प्रत्येकी गुण. आता पहिला प्रश्न असतो : तुम्ही कुठल्या ओळीपाशी थांबलात, ती ओळ उतरवून काढा आणि तिथे तुमच्या मनात काय आलं ते लिहा. यात मला लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेच्या पद्धतीची मदत झाली. १९९० मध्ये तिने कलाकृतीवर प्रतिसाद देण्याची चार पायऱ्यांची रीत बांधली. बघणाऱ्यांनी आधी काय अर्थपूर्ण वाटलं ते सांगायचं, मग कलाकाराने स्वतःचे प्रश्न विचारायचे, मग बघणाऱ्यांनी मत न मिसळता प्रश्न विचारायचे, आणि सगळ्यात शेवटी मत, तेही कलाकाराची परवानगी घेऊन. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या १९३६ पासूनच्या लेखन-कार्यशाळेमुळे जगभर पसरलेल्या रिवाजात चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसायचं असतं. इथे लेखकाला तोंड आहे. ऑनलाइन हे जमतं का, अशी मला शंका होती. बऱ्यापैकी जमतं. मुलं कथेच्या खाली आपले दोन प्रश्न जोडतात आणि वाचक आधी त्यांची उत्तरं देतात. 'माझं एक मत आहे, सांगू?' असं लिहून थांबलेला अभिप्राय आणि खाली लेखिकेचं 'सांग' हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला फार बरं वाटलं. विद्यार्थ्यांनी ते इतक्या सहज उचललं, कारण आपल्या घरांत मोठ्या माणसाशी मतभेद सांगायची हीच तर पद्धत असते.

काटोलच्या मुलीने कथेचा दुसरा खर्डा केला. नावं उघडली होती, चारही अभिप्राय तिच्यापुढे होते. तिने मधली दोन पानं तशीच ठेवली आणि सातव्या झाडापाशी बापाचं बसणं मात्र काढून टाकलं. "ते वाचून एकाला सगळं समजलं म्हणजे मी जास्तच सांगून टाकलं," असं तिचं म्हणणं. साकोलीचा मुलगा हादरला. त्याने वर्गात पहिल्यांदाच, हात वर न करता, बोलायला सुरुवात केली : ते बसणं काढलं तर बाप फक्त कामावरचा माणूस राहतो. ती म्हणाली, तो तसाच आहे. तो म्हणाला, तुझे बाबा असतील, कथेतला नाही. त्यावर बाकीचे तिघे वाचकही बोलू लागले; मधला भाग कंटाळवाणा म्हणणाऱ्यांपैकी एकीला आता तो आवडू लागला होता आणि तिला ते कबूल करायला मुळीच संकोच वाटत नव्हता. मी खुर्चीत बसून राहिले. कोण बरोबर हे मला आजही सांगता येत नाही. पहिला खर्डा मला जास्त जवळचा वाटतो, दुसरा जास्त कठोर आणि कदाचित जास्त चांगला आहे. पण आकड्यांत हे सगळं बसवायला निघालो असतो तर त्या वर्गात कुणीच कुणाशी भांडलं नसतं.

मूडलमध्ये वाचनाचे गुण शिक्षकाला स्वतः बदलता येतात. आता ते गुण मी त्या हिशेबावर सोडत नाही, प्रत्येक अभिप्राय वाचून स्वतः देते. एकमत झालं की नाही हे बघत नाही. वाचकाने मजकुरातल्या नेमक्या जागेवर बोट ठेवलं का, आणि तिथे त्याला जे दिसलं ते दुसऱ्याला दाखवता आलं का, एवढंच बघते. वाईट म्हणणाऱ्यालाही पूर्ण गुण मिळू शकतात. विभागातल्या सगळ्यांना हे पटलेलं नाही. अंतर्गत गुणांवर उद्या कुणी हरकत घेतली तर हिशेब काय दाखवणार, असं विचारलं जातं, आणि ती भीती खोटी नाही. मशीनचा आकडा दाखवता येतो, माझं वाचन दाखवायला मला प्रत्येकाखाली दोन ओळी लिहाव्या लागतात. मी त्या लिहिते.

अभ्यास मंडळाला द्यायचं टिपण मी गेल्या आठवड्यात पूर्ण केलं. त्यात सरासरीवरून वाचनाचे गुण ठरवणं सर्जनशील लेखनाच्या पेपरपुरतं थांबवावं असं म्हटलं आहे, बोलीतल्या लेखनाला शुद्धलेखनाचा निकष लावू नये असं म्हटलं आहे. शेवटचा मुद्दा कार्यभाराचा आहे. वर्गात चाळीस जण, प्रत्येकाचे चार अभिप्राय, म्हणजे एका फेरीला एकशे साठ. ते शिक्षकाने वाचायचे असतील तर वेळापत्रकात त्यासाठी आठवड्याला दोन तास धरावे लागतील, आणि ते तास व्याख्यानांइतकेच मोजले जावेत, अशी मागणी मी केली आहे. बैठक दिवाळीनंतर आहे.